चौरस फुटांपलीकडचे घर



गिरगाव, लालबाग, परळ, भायखळा येथील जुन्या चाळी एकेक करून पाडल्या जात आहेत आणि त्याच चिंचोळ्या भूखंडांवर, शेजारच्या दोन इमारतींच्या मधल्या जागेत, नव्या इमारती उभ्या राहत आहेत. या पुनर्बांधणीची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते : रहिवाशाला किती चौरस फूट मिळणार? प्रश्न रास्त आहे. ज्या कुटुंबाने तीन पिढ्या एका खोलीत काढल्या, त्याला आज नियमाने मिळणारे किमान ३०० चौरस फूट ही मोठीच प्राप्ती वाटणार. परंतु त्या घराची खिडकी कोठे उघडते, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आपल्या योजनांत साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम लावला. त्याचा व्यवहारातील अर्थ सोपा होता : खिडकीसमोरची मोकळी जागा समोरच्या भिंतीच्या उंचीच्या निम्मी तरी असावी. परक्या सरकारलाही रोगाच्या धाकाने उजेडाचे माप ठरवावे लागले.

स्वतंत्र भारतात १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले आणि उपकर भरणाऱ्या इमारतींची जबाबदारी सार्वजनिक ठरली. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने वाढीव चटई निर्देशांकाचे आमिष दाखवून हे काम विकासकाकडे सोपविले. त्याबरोबर मोकळ्या जागांच्या नियमांत सवलती आल्या. ही सवलत कागदावर भूखंडाला मिळते. तिची किंमत मात्र मोजतो तो खालच्या मजल्यावरचा रहिवासी, दिवसा दिवा लावून.

हे केवळ गैरसोयीचे गाऱ्हाणे नव्हे. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींच्या २०१८ मधील पाहणीत, दाटीने उभ्या केलेल्या इमारतींत क्षयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. त्या वसाहती मोठ्या आहेत आणि गिरगावचे भूखंड लहान. पण बंद हवेचा न्याय दोन्हीकडे सारखाच.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. पूर्ण मोकळी जागा सोडायची म्हटले तर लहान भूखंडावर इमारतच उभी राहणार नाही आणि रहिवासी मोडकळीस आलेल्या छताखालीच राहतील. आक्षेप खरा आहे, म्हणूनच येथे आराखड्याच्या गुणवत्तेला महत्त्व येते. जागा थोडी असेल तर ती विचाराने वापरावी लागते. शेजारच्या दोन भूखंडांनी आपापली मोकळी जागा समोरासमोर सोडली, तर दोन निरुपयोगी बोळांऐवजी एक चौक मिळतो. जिना व मार्गिका एका टोकाला उघडी ठेवली तर वारा खेळतो. चाळीच्या गॅलरीने शेजार जोडला होता. नव्या मजल्यावर लिफ्टसमोर चार माणसे बसतील एवढी उजेडाची जागा ठेवणे ही चैन नव्हे.

यातले काहीही विकासक आपणहून देणार नाही. यासाठी चाळ समितीने संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी मराठीत खुलासा केलेला नकाशा मागितला पाहिजे, तो चाळीच्या दारात लावला पाहिजे आणि प्रत्येक घरापुढे तीन प्रश्न लिहिले पाहिजेत : ऊन कोठून येणार? वारा कोठून जाणार? समोरची भिंत किती दूर आहे? कार्यकर्त्याने हे तीन प्रश्न प्रत्येक सभेत विचारायला शिकवले, तर ती लढाईची सुरुवात ठरेल. सही एकदाच होते. भिंत मात्र पुढच्या तीन पिढ्यांसमोर उभी राहते.