माजी सैनिकांची अपंगत्व तपासणी आणि वैद्यकीय मंडळाचा अध्यक्ष

(माजी सैनिकांच्या कल्याणाचे काम पाहणारे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर एका निवृत्त लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी लष्करी वैद्यकीय खात्याच्या अंतर्गत कामकाजाचा वाटेल. त्याचा आपल्या गावाशी काय संबंध, असा प्रश्नही कोणाच्या मनात येईल. परंतु सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात भरती होत आली आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावातच ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. अशा गावांत सेवेत असताना जायबंदी झालेला किंवा आजार घेऊन परतलेला माणूस सहसा आढळतोच. त्याला अपंगत्व निवृत्तिवेतन मिळणार की नाही आणि मिळाले तर किती, हे ज्या कागदावर ठरते तो कागद वैद्यकीय मंडळ तयार करते. त्या मंडळाचा अध्यक्ष हा तपासणीवर देखरेख करणारा ज्येष्ठ डॉक्टर असतो. त्याने काय करावयाचे असते आणि त्याच्या कामात उणीव राहिली तर काय घडते, हे आपणांस ठाऊक असणे गावातील माजी सैनिकाच्या हिताचे आहे.

मंडळ कशासाठी ?

सैनिक मुदत संपून सेवामुक्त होतो तेव्हा त्याची तपासणी करणाऱ्या मंडळास ‘रिलीज मेडिकल बोर्ड’ म्हणतात. आजारामुळे अथवा जखमेमुळे मुदतीपूर्वीच सेवा सोडावी लागली तर ‘इन्व्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड’ बसते. अपंगत्वाचे प्रमाण पुढे पुन्हा ठरवावयाचे असल्यास फेरतपासणीचे मंडळ नेमले जाते. मंडळात सामान्यतः एक अध्यक्ष व दोन सदस्य असे तीन वैद्यकीय अधिकारी असतात. त्यांच्या कार्यवृत्तास वरच्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते.

मंडळापुढे तीन प्रश्न असतात. पहिला, या माणसास नेमके झाले आहे काय ? दुसरा, हे अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवले आहे काय, अथवा आधीपासून असलेला दोष सेवेमुळे बळावला आहे काय ? तिसरा, त्याचे प्रमाण शेकडा किती ? पहिला प्रश्न केवळ वैद्यकाचा आहे. दुसऱ्यात वैद्यक व न्याय एकत्र येतात आणि वाद बहुधा तेथेच उत्पन्न होतात. अपंगत्वाचा सेवेशी संबंध नाही असे ठरले, तर टक्केवारी कितीही असली तरी अपंगत्वाचा भाग मिळत नाही. संबंध मान्य झाला तरी सर्वसाधारण नियमानुसार प्रमाण किमान २० टक्के असावे लागते.

टक्केवारीमागचा व्यवहार

सहाव्या वेतन आयोगानंतरच्या व्यवस्थेत १०० टक्के अपंगत्वास अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के इतका अपंगत्वाचा भाग देण्यात येई व त्याहून कमी अपंगत्वास त्या प्रमाणात. म्हणजे २० टक्क्यांस वेतनाच्या ६ टक्के. पाचव्या वेतन आयोगानंतर १ जानेवारी १९९६ पासून टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची तरतूद झाली. ५० च्या आतील प्रमाण ५० धरावयाचे, ५० ते ७५ मधील ७५ आणि ७६ ते १०० मधील १००. ही सवलत आरंभी मुदतीपूर्वी सेवा सोडावी लागलेल्यांपुरती होती. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात दिला. त्यामुळे २० टक्के लिहिले गेले तर ६ ऐवजी १५ टक्के मिळू लागले आणि १९ टक्के लिहिले गेले तर मुदत पूर्ण केलेल्यास काहीच नाही. एका आकड्याच्या फरकाने आयुष्यभराची प्राप्ती बदलते. अध्यक्षाने स्वाक्षरीसाठी लेखणी उचलताना हे विसरून चालणार नाही.

संशयाचा लाभ कोणास ?

१९८२ च्या पात्रता नियमांनी एक मूलभूत तत्त्व सांगितले. भरतीच्या वेळी ज्या दोषाची नोंद झालेली नाही, तो दोष त्या वेळी नव्हता असे गृहीत धरावयाचे. आपला आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याचे ओझे सामान्यतः सैनिकावर टाकावयाचे नाही आणि वाजवी शंका उरली तर तिचा लाभ त्यालाच द्यावयाचा. भरतीच्या तपासणीत हा आजार ओळखता येणे शक्य नव्हते, असे मंडळास वाटत असेल तर त्याची कारणे मंडळाने लिहिली पाहिजेत.

हे तत्त्व कागदावर स्पष्ट असूनही व्यवहारात दीर्घकाळ एक ठरावीक वाक्य लिहिले जात राहिले : ‘सेवेमुळे उद्भवलेले नाही, सेवेमुळे बळावलेलेही नाही.’ पुढे कारण म्हणून फार तर ‘प्रकृतिगत आजार’ एवढे दोन शब्द. सिग्नल कोअरचे शिपाई धरमवीर सिंग १९८५ साली भरती झाले. अपस्माराच्या झटक्यांमुळे २० टक्के अपंगत्व ठरवून १९९४ साली त्यांना सेवेतून कमी करण्यात आले. मंडळाने आजाराचा सेवेशी संबंध नाकारला, पण कारण दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २ जुलै २०१३ रोजी लागला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही आणि मंडळाने कारणही नोंदवलेले नाही, तेव्हा गृहीतक सैनिकाच्या बाजूने राहते, असे न्यायालयाने म्हटले आणि त्यांचा हक्क मान्य केला. त्याच सुमारास निकाल लागलेल्या वीरपाल सिंग प्रकरणात स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकाराचे निदान पुरेशा आधाराविना लिहिले गेल्याचे पाहून न्यायालयाने फेरविचार वैद्यकीय मंडळाकडून तपासणीचा आदेश दिला.

धरमवीर सिंग यांची सेवामुक्ती आणि हा निकाल यांत १९ वर्षे गेली. एका वैद्यकीय कार्यवृत्तात कारणाच्या चार ओळी नसल्याची ही किंमत आहे. सबळ कारणे त्याच दिवशी लिहिली गेली असती, तर निर्णय कोणत्याही बाजूस झाला तरी तो तेथेच तपासता आला असता.

देखरेख म्हणजे काय ?

मंडळाच्या अध्यक्षाचे पहिले कर्तव्य म्हणजे समोरच्या माणसास स्वतः पाहणे. विशेषज्ञाचा अभिप्राय हा आधार होय, तपासणीची जागा तो घेऊ शकत नाही. दुसरे, भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल मागवून वाचणे. तिसरे, सेवेचा इतिहास पाहणे : तो कोठे, किती काळ व कोणत्या कामावर होता. तोफखान्यात वर्षानुवर्षे काम केलेल्याच्या बहिरेपणाचा विचार आणि कार्यालयात बसून काम केलेल्याच्या बहिरेपणाचा विचार एकाच मापाने करता येत नाही. सियाचीनसारख्या उंच व हिमाच्छादित प्रदेशात हिमदंश होतो, फुप्फुसांत पाणी साठते. तेथील नेमणुकीच्या तारखा आणि आजाराच्या आरंभाची तारीख शेजारी शेजारी मांडल्याशिवाय मत देणे योग्य नव्हे.

चौथे कर्तव्य टक्केवारीविषयी आहे. त्याच वयाच्या व त्याच लिंगाच्या निरोगी व्यक्तीशी तुलना करून प्रमाण ठरवावयाचे असते. माणूस पुढे किती कमावू शकेल हा त्यातील विचार नव्हे. म्हणून ‘याला घरची शेती आहे’ किंवा ‘हा बसून नोकरी करू शकेल’ हे युक्तिवाद मंडळाच्या खोलीबाहेर ठेवावे लागतात. आणि पाचवे, मतामागील कारण अशा भाषेत लिहिणे की ते वैद्यकाबाहेरील वाचकालाही तपासता यावे. सदस्याचे मत भिन्न असेल तर तेही दडपून न टाकता नोंदवले पाहिजे.

देखरेखीची मर्यादाही समजून घ्यावयास हवी. पूर्वी मंडळाने दिलेले प्रमाण निवृत्तिवेतनाच्या लेखा कार्यालयाच्या पातळीवर, सैनिकास न पाहता, कमी केले जाई. माजी सॅपर मोहिंदर सिंग प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत अमान्य केली. तज्ज्ञांनी प्रत्यक्ष तपासून दिलेल्या मतावर उच्चतर वैद्यकीय मंडळाकडे न जाता लेखा शाखेने निर्णय फिरवावा, हे न्यायालयास मान्य झाले नाही. या निकालाचा बोध सर्वच पर्यवेक्षकांनी घ्यावा असा आहे. वरिष्ठाने प्रश्न विचारावा, अपुरा अहवाल परत पाठवावा, पुन्हा तपासणी घडवून आणावी. मात्र रुग्णास न पाहता निष्कर्षावर काट मारण्याचा अधिकार देखरेखीत येत नाही.

सार्वजनिक पैशाचा विचार

या विषयास दुसरी बाजू आहे आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. निवृत्तिवेतन जनतेच्या पैशातून दिले जाते. अपंगत्व निवृत्तिवेतनासह निवृत्त होणाऱ्यांचे, विशेषतः अधिकाऱ्यांचे, मोठे प्रमाण आणि रक्तदाब, मधुमेह यांसारख्या जीवनशैलीशी निगडित आजारांचा त्यातील वाटा यांकडे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी लक्ष वेधले होते. २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवामुक्त होणाऱ्यांसाठी नवे पात्रता नियम आले व त्यांत ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ ही नवी संज्ञा आली. त्यावर माजी सैनिकांच्या संघटनांनी हरकतीही घेतल्या. १९८२, २००८ व २०२३ अशा या नियमावल्यांपैकी कोणती लागू, हे मुख्यतः सेवामुक्तीच्या तारखेवरून पाहावे लागते.

नियम सैल असोत वा कडक, अध्यक्षाचे काम बदलत नाही. खोटा दावा नाकारण्यास जी कारणमीमांसा लागते, तीच खरा दावा मान्य करण्यास लागते. काटकसरीच्या नावाखाली सरसकट नकार देणारा आणि सहानुभूतीपोटी सरसकट होकार देणारा, असे दोघेही डॉक्टर आपल्या पदाच्या कर्तव्यास चुकतात. सरसकट होकारामुळे पुढच्या खऱ्या जखमी सैनिकाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागते, ही त्यातील सर्वांत मोठी हानी होय.

गावाने काय करावे ?

ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांना या कामी बरेच करता येण्यासारखे आहे. पुष्कळ माजी सैनिकांकडे मंडळाच्या कार्यवृत्ताची प्रत नसते, कित्येकांना ती मागता येते हेच ठाऊक नसते. सेवामुक्तीचे पुस्तक, निवृत्तिवेतनाचा आदेश, रुग्णालयातून घरी पाठवताना दिलेले कागद, अपघात झाला असल्यास युनिटचा जखम अहवाल आणि मंडळाचे कार्यवृत्त, हे पाच कागद प्रत्येकाने एकत्र जपून ठेवावेत. त्यांच्या प्रती काढण्यास व इंग्रजी मजकूर समजावून सांगण्यास शिक्षकाइतका योग्य माणूस गावात दुसरा नाही.

दावा नामंजूर झाल्यास नामंजुरीच्या पत्रापासून सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करावयाचे असते. त्यावरही समाधान न झाल्यास दुसरे अपील आहे. त्यानंतर २००७ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. विलंब झाल्यास मागील थकबाकीचा काही भाग गमवावा लागण्याचा संभव असतो, म्हणून ‘पुढे पाहू’ म्हणणे महागात पडते. मार्गदर्शनासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तेथे जाण्यास दलालाची गरज नाही.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. जिल्हा रुग्णालयातून मिळणारे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि लष्करी मंडळाचा निर्णय या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील अनेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते आणि अपंगत्व कशामुळे आले हा प्रश्न तेथे येत नाही. लष्करी निवृत्तिवेतनात तोच प्रश्न मध्यवर्ती असतो. म्हणून एक कागद मिळाला की दुसरा आपोआप मिळेल, अथवा एक नाकारला गेला म्हणून दुसरा मागू नये, असे दोन्ही समज चुकीचे आहेत.

पुनर्वसनाची परंपरा

निवृत्तिवेतन हा पुनर्वसनाचा एक भाग झाला. पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांना व्यवसाय शिकवण्यासाठी १९१७ साली मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीस आली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचे, तर खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ सालचे. या संस्था आपल्याच राज्यात आहेत. गरजू माजी सैनिकापर्यंत त्यांची माहिती पोहोचवणे, हे गावच्या कार्यकर्त्यांचे काम आहे.

बंधुभगिनींनो, सैनिकाने भरतीच्या दिवशी निरोगी शरीर देशाच्या स्वाधीन केलेले असते. परत जाताना त्या शरीराचा हिशेब त्याच्यासमोर स्पष्ट शब्दांत, कारणांसह मांडला जावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पुरी करणे मंडळाच्या अध्यक्षाच्या हाती आहे आणि ती पुरी झाली किंवा नाही हे विचारणे आपल्या हाती. आपल्या गावी परतल्यावर प्रत्येकाने किमान एका माजी सैनिकाचे कागद पाहावेत, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद ! जय महाराष्ट्र !