पंचनाम्यातील खोडलेल्या ओळी



ज्या नगरीने जानेवारी 2020 मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पाहिले, त्या नगरीत महसूल खात्यात हयात घालविलेल्या माणसास आपण या संमेलनाच्या अध्यक्षीय आसनावर बसविलेत, याबद्दल मी ऋणी आहे. वर्षभरातील ग्रंथांचा आढावा मी लिहून आणला आहे, परंतु कालच्या परिसंवादात "आमच्या भागात लिहिण्याजोगे घडतेच काय, प्रेरणा आणावी कोठून?" असा प्रश्न तरुणांनी केला, आणि तीस वर्षे मनात दाबून ठेवलेली गोष्ट आज बोलल्यावाचून मला राहवत नाही. आढावा तूर्त बाजूस ठेवतो.

निजामी अमदानीत येथील कचेरीची भाषा उर्दू होती, वरच्या वर्गांतील शिक्षणही उर्दूत होते. त्या काळी मराठी तगली ती जात्यावर, मोटेवर आणि तुळजापूरच्या गोंधळ्यांच्या संबळावर. ज्या नित्याच्या जगण्याने भाषा सांभाळली, तेच तिच्या वारसांना लिहिण्यास अपुरे वाटावे, याचा मला विषाद वाटतो. खरे सांगायचे तर संताप येतो.

आधी वाचन की आधी अनुभव, यावर काल दोन विद्वान स्नेही तासभर झगडले. त्यांचा निवाडा मी माझ्या दफ्तरातील एका कागदाने करू इच्छितो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन करून गावे निजलेली असताना, भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदांचा भार माणसांवर कोसळला. सास्तूरकडील भागात पंचनामे करण्यास गेलेल्या पथकात मी होतो. ढिगाऱ्याशी बसलेल्या एका वृद्धेस मी मोडलेल्या वस्तू विचारू लागलो. ती म्हणाली, "लिव्हा सायेब, जातं. खुंटा बाभळीचा व्हता. सासूबाईनं सोता ठोकलेला. माझ्या समद्या लेकी त्या खुंट्याला धरून उभ्या ऱ्हायल्या." मी लिहीत गेलो. कणगी कोणत्या सुगीला विणली, देवळीतला दिवा कोणाच्या लग्नात आला, बळदात किती जोंधळा होता, हे सारे नुकसानीच्या रकान्यात उतरले. संध्याकाळी वरिष्ठांनी तांबड्या शाईने ते खोडले आणि "जाते, नग 1" एवढेच ठेवले. त्यांच्या जागी ते योग्यच होते. भरपाई जात्याची द्यावयाची असते, खुंट्याला धरून उभ्या राहिलेल्या लेकींची देता येत नाही. परंतु साहित्यिकाने ती तांबडी शाई आपल्या हाती का घ्यावी? येथील कितीतरी कवितासंग्रहांत पाऊस दूरदेशीचा पडतो, प्राजक्त सांडतो, आणि ज्या घरात कवी वाढला त्या घराची मेढ व तुळई एका शब्दानेही येत नाही.

त्या दिवसापूर्वी मी शेकडो पुस्तके वाचली होती. पण वाचावे कसे, हे मला त्या बाईने शिकविले. पुढे कळंब तालुक्यातील भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' ही कथा वाचली, तेव्हा भाव पडलेल्या टोमॅटोंवर बाजारात नाचणाऱ्या त्या बापाला मी ओळखत होतो. रविवारच्या बाजारात अशी माणसे पाहूनही ज्याला लिहिण्यास काही सापडत नाही, त्याला मी कोणते पुस्तक सुचवू?

संतमेळ्यात कोण पक्के आणि कोण कच्चे हे ठरविण्याचे काम, परंपरा सांगते, कोणा शास्त्र्याकडे न जाता आपल्या तेरच्या गोरोबाकाकांकडे गेले. मडकी घडविणाऱ्या त्याच थापटण्याखाली नामदेवांसारखा भक्त कच्चा ठरला. या जिल्ह्याने रोजच्या कामाला दिलेला हा मान आपण विसरलो.

भूकंपानंतर नव्या गावठाणांत घरे सिमेंटची झाली, आणि माळवदाबरोबर बळद, देवळी, मेढ हे शब्दही नातवंडांच्या तोंडून गेले. आठही तालुक्यांत अशा शब्दांची एकेक वही व्हावी, असे मला वाटते. शाळांनी हात लावावा. बाकीचा तपशील कार्यकारिणीने ठरवावा, माझे वय आता त्या धावपळीचे नाही.

त्या पंचनाम्याची कच्ची प्रत मी आज सोबत आणली आहे. घडीवर कागद फाटला आहे, परंतु तांबड्या रेघांखालची अक्षरे अद्याप लागतात. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी भोजनानंतर मजकडे यावे.