कॅमेरा वस्तीत येतो तेव्हा

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. जागेअभावी थोडी काटछाट केली आहे.)



'माहितीपट आणि वेगळे चित्रपट कसे पाहावेत' असा विषय मला दिला आहे. सिनेमाचं शास्त्र मी शिकलेली नाही, मी समाजकार्य शिकले. पण आपण सगळ्याच वस्त्यांमध्ये फिल्म दाखवतो. फिल्म संपली की 'कशी वाटली?' असं विचारतो, बायका 'चांगली होती' म्हणतात, आपण सतरंज्या गुंडाळतो. तेवढ्यावर थांबू नये म्हणून हे बोलणं. परदेशी फिल्मकडे आज जात नाही, आपल्या गावातच पुष्कळ आहे.

१३ ऑगस्ट २००४ रोजी इथल्या जिल्हा न्यायालयात, भर कोर्टात, अक्कू यादवला जमावानं मारलं. जमावात कस्तुरबानगरच्या बायका पुढे होत्या. वर्षानुवर्षांचे बलात्कार, खंडणी, मारहाण, आणि तक्रार नेली तर दाद न देणारे पोलीस, हा त्यामागचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. खटला लांबत गेला. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. या घटनेवर २०२१ मध्ये '२०० हल्ला हो' हा हिंदी चित्रपट आला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर तीन भागांचा माहितीपट आला. दिग्दर्शक उमेश कुलकर्णी, म्हणजे 'वळू', 'विहीर', 'देऊळ' करणारे.

माहितीपटाची जमेची बाजू आधी सांगते. त्यात वस्तीतल्या बायका स्वतः बोलतात. त्यांच्या तोंडी कुणी सुधारलेली भाषा घातलेली नाही. आपल्याबद्दल नेहमी कुणीतरी साहेब बोलतात, तेव्हा ही गोष्ट लहान नाही.

पण नाव बघा. 'इंडियन प्रिडेटर: मर्डर इन अ कोर्टरूम'. प्रिडेटर म्हणजे शिकारी जनावर. त्याच वर्षी या मालिकेत आधी दिल्लीचा एक खुनी झाला, मग दुसरा एक खुनी, आणि तिसरा नंबर आपल्या कस्तुरबानगरचा. या माळेत ओवल्यावर काय होतं? तो माणूस एक विकृत, दुर्मीळ जनावर ठरतो. प्रत्यक्षात तो दुर्मीळ नव्हता. त्याला ठाण्यात खुर्ची मिळत होती, जामीन मिळत होता, आणि वस्ती मुख्यतः दलितांची असल्यामुळे तिच्या तक्रारीला वजन नव्हतं. फिल्ममध्ये हे येत नाही असं मी म्हणत नाही. येतं. पण आठवणीत राहतं ते शीर्षक आणि तो दुपारचा रक्तपात. त्यानंतरची दहा वर्षं, तारखेमागून तारीख, बुडालेली मजुरी, हे मला अपुरं वाटलं. तारखेला काही थरार नसतो ना!

दुसरी गोष्ट संमतीची. बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंडविधानाचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. तिची स्वतःची लेखी संमती असेल तर गोष्ट वेगळी. पण ही संमती कोणत्या वेळी घेतली जाते? चित्रीकरणाच्या दिवशी, घरात पाहुण्यासारखी माणसं बसलेली असताना. आपल्या बोलण्यातलं काय ठेवतील, त्याच्या मागे कोणतं संगीत लावतील, हे तिला तेव्हा ठाऊक नसतं. दुसऱ्याच एका प्रकरणात, दुसऱ्याच वस्तीतली एक बाई मला म्हणाली होती, "किती डाव सांगाचं? पोलिसाले सांगा, वकिलाले सांगा, आता फिल्मवाल्याले सांगा." हे वाक्य कोणतीही फिल्म बघताना मनात ठेवा.

'२०० हल्ला हो'बद्दल थोडंच. रिंकू राजगुरूची आशा सुर्वे त्यात ठाम उभी आहे. पण प्रकरणाचा नैतिक भार शेवटी अमोल पालेकरांनी केलेल्या निवृत्त न्यायाधीशावर जातो. ते दलित आहेत, सज्जन आहेत. तरी दोनशे बायकांचा सदसद्विवेक एका पुरुषाकडे का सोपवावा लागला?

आता 'कोर्ट' घ्या. चैतन्य ताम्हाणेंचा, २०१४ चा. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे आपले वीरा साथीदार. इथंच राहून त्यांनी 'विद्रोही' मासिक चालवलं, आणि एप्रिल २०२१ मध्ये कोरोनात इथंच गेले. आपण सगळे त्यांच्यासाठी हा चित्रपट बघतो. मी मात्र बायकांसाठी बघायला सांगते. सरकारी वकील नूतन ही भूमिका गीतांजली कुलकर्णींची आहे. ती कोर्टात एका म्हाताऱ्या शाहिराला तुरुंगात ठेवण्यासाठी कलमं धडाधडा वाचते, आणि संध्याकाळी मुलाला घेऊन घरी येऊन स्वयंपाक करते. आम्ही हा चित्रपट दाखवला तेव्हा एक बाई पटकन म्हणाली, "वकीलबाई झाली त काय झालं, पोया तिलेच लाटा लागते." सगळ्या हसल्या. मग दुसरीनं विचारलं, "पण ते त्या म्हाताऱ्याले कावून सोडत नाही?" पुढचा तासभर चर्चा याच दोन वाक्यांवर झाली. बाई असणं आणि बाईच्या बाजूनं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कोणत्याही व्याख्यानातून इतकं सरळ मांडता आलं नसतं.

याच चित्रपटात गटारात उतरून मेलेल्या कामगाराची विधवा साक्ष देते. ती भूमिका करणाऱ्या उषा बने व्यावसायिक नटी नाहीत, त्यांच्या आयुष्यातही हेच दुःख होतं. बचावाचा वकील तिला गाडीतून सोडताना पैसे देऊ करतो. ती पैसे नको म्हणते, काम मागते. कॅमेरा तिचे अश्रू शोधायला जवळ जात नाही. वस्तीत फिल्म करायला कुणी आलं तर हा प्रसंग त्यांना दाखवावा.

आपल्या चळवळीनं हे सगळं पूर्वीच करून पाहिलेलं आहे. १९८० मध्ये बंगलोरला दीपा धनराज आणि त्यांच्या मैत्रिणींनी 'युगांतर' हा फिल्मगट काढला. १९८१ चा 'मोलकरीण' पुण्यातल्या घरकामगारांवर, १९८२ चा 'तंबाकू चाकिला ऊब आली' निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर. या बायकांशी बोलून, त्यांच्या संघटनेबरोबर राहून या फिल्म केल्या. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर १९८३ मध्ये घरातल्या हिंसेवरची फिल्म केली, तिच्यात कार्यकर्त्यांनीच कामं केली. नाट्यरूपांतर नेटफ्लिक्सनं शोधलेलं नाही! फरक एवढाच, की इथं प्रसंग पुन्हा कसा उभा करायचा हे ज्यांच्यावर तो गुदरला त्यांच्यासोबत बसून ठरत होतं.

म्हणून माझी सूचना अशी. कुणी फिल्म करायला आलं तर आपल्या संघटनेनं संमतीचा कागद दोनदा मागावा, एकदा चित्रीकरणाआधी आणि एकदा जोडणी झालेली फिल्म त्या बायकांना वस्तीतच दाखवल्यानंतर. दुसऱ्या कागदावर 'नाही' म्हणायची जागा ठेवावी. फिल्मवाले म्हणतील, असं कधी होत नसतं. तेव्हा काय उत्तर द्यायचं, ते जेवणानंतर गटांत बसून लिहू या. आता 'मोलकरीण' लावते, खिडक्या बंद करा.