शाळेच्या कपाटात विनोदाला जागा असावी काय?

मुखेडसारख्या तालुक्याच्या गावी शाळेचे ग्रंथालय म्हणजे पुष्कळदा एखादे लोखंडी कपाटच असते. कपाट लहान, पैसा बेताचा; म्हणून एका पुस्तकाला जागा द्यायची तर दुसऱ्याला नकार द्यावा लागतो. अशा कपाटात थोरांची चरित्रे आणि शिष्यवृत्ती परीक्षेच्या मार्गदर्शिका यांचा हक्क कोणी नाकारीत नाही. पण ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ पुढे आला की विचारणा सुरू होते : यातून मुले काय शिकणार?

मौज अशी की, साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकाने घराघरांतील डोळे ओले केले, आणि ते योग्यच झाले. मात्र डोळ्यांतले पाणी संस्काराचे आणि ओठांवरचे हसू चैनीचे, हा भेद कोणत्या शास्त्राने ठरविला? बडोद्यास पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोशींनीच चिमणरावाला जन्म दिला. त्यामुळे त्यांच्या विद्वत्तेला काही उणेपणा आला नाही. मराठवाड्याच्या भूमीत तर हा वाद उद्भवूच नये. पैठणच्या एकनाथांनी भारुडात सोंगे नाचविली, श्रोत्यांना पोट धरून हसविले आणि हसता हसताच त्यांच्या गळी परमार्थ उतरविला.

विरोधकांचा आक्षेप मात्र पोकळ नाही. खोडकर नायक मोठ्यांची फजिती करतो. मुले त्याचे अनुकरण करतील, असे भय पालकांस वाटते. हे भय जुने आहे. १८८५ साली अमेरिकेतील काँकर्ड गावच्या ग्रंथालयाने मार्क ट्वेनची ‘हकलबेरी फिन’ ही कादंबरी असभ्य म्हणून बाहेर काढली. ट्वेनने मात्र या बंदीमुळे पंचवीस हजार प्रती अधिक खपतील, असा हिशेब मांडला! पुस्तक आजही जिवंत आहे, आणि त्यावरील वादही. कारण त्यातील काही शब्द कृष्णवर्णीय वाचकाला बोचतात. म्हणजे खरी कसोटी खोडीची नव्हे. हसू कोणाला उद्देशून आहे, हे पाहिले पाहिजे. ढोंगाला, बढाईला किंवा स्वतःच्याच फजितीला हसणारे पुस्तक मुलाला शहाणे करते. तोतऱ्याला, सावळ्या मुलीला किंवा एखाद्या जातीला हसणारे पुस्तक निवडताना मात्र गुरुजींनी दहा वेळा विचार करावा.

मुखेडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता आणि तेथे वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी पुस्तक हाती पडणे हेच तेव्हा अप्रूप होते. आजही या भागात मराठीच्या जोडीला कानडी, तेलुगू, उर्दू आणि तांड्यांवरची गोरमाटी कानी पडते. पुस्तकी मराठी अनेक मुलांना परक्या पाहुण्यासारखी वाटते. त्या मुलाला प्रथम पानाशी बांधून ठेवते ती उत्सुकता; उपदेशाची पाळी नंतर येते. पुढे काय गंमत होते हे कळावे म्हणून जो अडखळत का होईना दहा पाने वाचतो, तोच पुढे चरित्रापर्यंत पोहोचतो. शहरी वाड्यातला विनोद त्याला उमगला नाही, तर तो वर्गात मोठ्याने वाचावा. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आधी आकाशवाणीवरच अवतरला आणि मग पुस्तकात आला. विनोदाला कानाची वाट ठाऊक असते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट सांगितले आहे. कायद्याने दार उघडले. किल्ली मात्र गुरुजींच्याच हाती आहे. त्यांनी विनोदी कादंबरी आधी स्वतः वाचावी, मग ती कपाटात ठेवावी, आणि मुख्य म्हणजे कपाट उघडे ठेवावे. वर्षअखेरीस ज्या पुस्तकाची पाने मुडपलेली, शिवण उसवलेली आणि कोपरे मळलेले दिसतील, त्याच्या निवडीबद्दल कोणाची क्षमा मागण्याचे कारण उरणार नाही.