ऊसतोडणीच्या मुलांची बोली आणि आपला धडा
(कोडोली येथील शिक्षक-संमेलनात केलेले भाषण)



दिवाळीच्या सुमारास वारणाकाठच्या फडांत ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुलेही आपल्या शाळांत येऊन बसतात. बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या या मुलांपैकी काही तांड्यांवरची असून त्यांच्या घरी गोरमाटी बोलली जाते. त्यांना शिकवावे कसे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. मी शिक्षक असताना पहिलीतील अशाच एका मुलीस भाकरीचे चित्र दाखवून ‘हे काय?’ असे विचारले. ती म्हणाली, ‘बाटी.’ मला वाटले, तिला ‘वाटी’ म्हणावयाचे आहे. ‘वाटी नव्हे, भाकरी,’ असे मी म्हणालो आणि वर्ग हसला. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत ती मुलगी वर्गात बोलली नाही. पुढे तिच्या आईकडून कळले की, गोरमाटीत भाकरीला बाटीच म्हणतात. मुलीचे उत्तर बरोबर होते. अज्ञान माझे होते.

म्हणून माझी सूचना अशी की, आरंभीचे चार-पाच धडे आपण या मुलांच्याच साहाय्याने त्यांच्या बोलीत उतरवून घ्यावेत. गोरमाटी देवनागरीत लिहिता येते. फळ्यावर ‘याडी’ आणि त्याशेजारी ‘आई’ असे लिहावे, म्हणजे ओळखीच्या शब्दाचे बोट धरून मूल नव्या शब्दाकडे येईल. मात्र केवळ शब्द बदलल्याने धडा मुलाचा होत नाही. घराच्या पाठात कौलारू घराचे चित्र असेल, तर फडावर राहणाऱ्या मुलास आपली कोपी काढू द्यावी. तयार झालेला धडा सायंकाळी पालकांस वाचून दाखवावा आणि जेथे ते अडतील तेथे तो दुरुस्त करावा.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे १९५६ साली संविधानात घातलेला अनुच्छेद ३५०-क सांगतो. शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावी, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदाही म्हणतो. मराठी शिकविणे आपले कर्तव्य आहेच. पण गप्प बसलेल्या मुलास कोणतीच भाषा शिकविता येत नाही.

पट्टा पडला की ही मुले गावी परततील. त्यांच्या दप्तरात दोन्ही भाषांतील शब्दांची एक वही असावी, एवढे या हंगामात आपण अवश्य करावे, ही विनंती.