रेवाल घोड्याला दुडकी शिकविताना



तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा जाणकार प्रथम त्याची चाल पाहतो. मारवाडी वा काठियावाडी घोडा रेवाल चालला, की त्याचे मोल वाढते. या चालीत स्वाराच्या पाठीला हिसका बसत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाने १७४२ पासून बंगालपर्यंत मोहिमा केल्या. एवढ्या वाटचालीत मऊ चालीचे महत्त्व काय असेल, ते खोगिरावर दिवस काढलेल्यालाच कळेल.

असा घोडा नागपुरात येतो तो बहुधा वरातीसाठी. लग्नसराई सरली, की धन्यापुढे चंदीचा प्रश्न उभा राहतो आणि तो मुलांना घोडेस्वारी शिकविण्याचा विचार करतो. अडचण तेथे येते. नवशिक्याला दुडकीच्या दोन ठोक्यांवर उठबस शिकायची असते. रेवाल चालीत उसळीच नाही, तर उठणार कशावर?

दुडकीत पुढचा डावा आणि मागचा उजवा असे तिरपे पाय एकदम पडतात. रेवाल चालीत एकाच बाजूचा मागचा पाय आधी व लगेच पुढचा, असे चार ठोके पडतात. २०१२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी आइसलँडच्या घोड्यांत अशा चालीशी निगडित जनुक शोधून काढले. त्याचे कार्य पाठीच्या कण्यातील मज्जापेशींत चालते. म्हणजे घोडा दुडकीवर येत नाही, तो नेहमी हट्टाने नव्हे.

हे मला फार उशिरा उमगले. एका सुरेख घोडीला मी लगाम आखडून, चाबूक दाखवून तीन आठवड्यांत दुडकीवर आणायला निघालो. तिने मान वर ताठ केली, पाठ खाली दाबली आणि रेवालही बिघडवून घेतली. पुढे पुढे खोगीर दिसले, की ती मागच्या पायांवर उभी राहू लागली. दोष सर्वस्वी माझा होता. ज्याने ती कर्ज काढून घेतली होती, त्याला ती कमी किमतीत विकावी लागली.

म्हणून प्रथम पशुवैद्यकाकडून दात, खूर आणि पाठ तपासून घ्या. दुखऱ्या पाठीचा घोडाही आखडून चालतो. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे. तेथे सल्ला मिळू शकतो. काटेरी लगाम तर १९६५ च्या नियमांनी निषिद्धच आहे.

खोगीर न घालता, लांब दोरावर, मोठ्या वर्तुळात घोडा फिरवा. वाटेत चार-पाच बांबू आडवे मांडा. दोन बांबूंत सुमारे चार फूट अंतर ठेवा. नंतर घोड्याच्या पावलाप्रमाणे ते कमी-जास्त करा. सवय झाली, की बांबू वीतभर उचला. ते ओलांडताना प्रत्येक पाय निराळा उचलावा लागतो, एका बाजूच्या पायांची जोडी मोडते आणि तिरपी जोडी पुष्कळदा आपोआप जुळते. तीन-चार पावले जरी साधली, तरी तेथेच थांबा, मान थोपटा, चालू द्या. वीस मिनिटांहून अधिक वेळ नको, आणि एक दिवसाआड पुरे. लोभ येथेच होतो. साधले म्हणून आणखी एक फेरी घेतली जाते, अन् थकलेला घोडा पुन्हा रेवालवर जातो.

आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात ती निसरडी होते. मुरमाची जागा निवडा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा काम सूर्योदयापूर्वीच आटोपावे.

काही आठवड्यांनी हलका स्वार बसवावा. हात खाली, लगाम सैल, घोड्याला मान लांबवू द्यावी. दुडकीचा इशारा रेवालच्या इशाऱ्याहून वेगळा ठेवा, म्हणजे घोडा दोन्ही चाली राखील. रेवाल पुसून टाकण्यात शहाणपण नाही. काही घोडे महिनोन्‌महिने कष्ट करूनही येत नाहीत. त्यांना रेवालच चालू द्यावे. पाठदुखीने बेजार झालेला एखादा वयस्क स्वार त्यांना दुवा देईल.

चाल ओळखायला डोळ्यांपेक्षा कान बरे. बाहेर मैदानावर बांबू मांडून ठेवले आहेत, मोतद्दार घोडी घेऊन उभा आहे. आपण तेथे जाऊ या. डोळे मिटून ठोके मोजा आणि दोनाचे चार कोठे होतात, ते मला सांगा.