कात्रण जाते कोठे?
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आजच्या दिवशी शिक्षणावर वा संघटनेवर बोलावे, अशी आपणांपैकी अनेकांची अपेक्षा असेल. परंतु आम्ही निवडलेला विषय आपल्या पिढीजात धंद्यातीलच आहे. रापीखालून जे उरते ते पुढे कोठे जाते, हा तो विषय होय.

आपल्या आजोबांना हा प्रश्न पडला नाही. बाभळीची साल व हिरडा यांत कमावलेल्या कातड्याचे तुकडे उकिरड्यावर पडत आणि कालांतराने मातीस मिळत. पुढे १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमने कातडे कमावण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. सालीच्या कुंडात ज्यास कित्येक आठवडे लागत, ते काम या रीतीने थोड्या दिवसांत होऊ लागले. आज जगातील बहुतेक चामडे असेच तयार होते. हे कातडे निळसर दिसते. त्याची जाडी सारखी करताना निघणारा भुसाही निळा असतो, आणि त्यात क्रोम हा धातू मुरलेला असतो.

आता बांगलादेशातील ढाका शहराकडे वळू. तेथील हजारीबाग हा टॅनऱ्यांचा जुना भाग. तेथे हा भुसा व कात्रणे कढयांत उकळून, उघड्यावर वाळवून, दळून, कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यात मिसळण्याचा धंदा वाढला. कातडे म्हणजे प्रथिन, आणि तेही स्वस्त, असा त्यामागील हिशेब. परंतु असे खाद्य खाल्लेल्या कोंबड्यांच्या शरीरात क्रोम उतरल्याचे तेथील संशोधकांना आढळले. अखेर २०११ साली तेथील उच्च न्यायालयाने हा वापर थांबविण्याचा आदेश दिला. २०१७ साली टॅनऱ्या सावारकडे हलविण्यात आल्या. मात्र जागा बदलली म्हणून भुशातील क्रोम नाहीसा होत नाही.

आम्ही भय पसरवू इच्छित नाही. चामड्यातील क्रोम बहुतांशी सौम्य प्रकारचा असतो व तो आतड्यांतून फारसा शोषला जात नाही. परंतु विशिष्ट परिस्थितीत त्याचा दुसरा, विषारी व कर्करोगकारक प्रकार बनू शकतो. शिवाय तो धातू आहे. उकळल्याने प्रथिन सुटेल, धातू नष्ट होणार नाही. बरे, ते प्रथिन तरी कसे? कातड्याच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन नावाचा आवश्यक घटक जवळजवळ नसतो. केवळ त्यावर पिलू पोसत नाही. युरोपीय संघाने कमावलेले कातडे व त्याचा कचरा पशुखाद्यात घालण्यास बंदी केली आहे, ती उगीच नव्हे. २०१२ साली चीनमध्ये तर अशाच कचऱ्यापासून केलेले जिलेटिन औषधांच्या कॅप्सूलांत सापडले. रोग्याने बरे होण्यासाठी गिळलेल्या वस्तूत क्रोम निघाला!

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. न कमावलेल्या कातड्याच्या तुकड्यांपासून सरस व जिलेटिन करण्याचा उद्योग जुना व रास्त आहे. दोष कातड्याचा नाही. कमावलेले आणि न कमावलेले एकाच पोत्यात भरण्याचा आहे. आणि हा भेद नुसत्या बोटांनी ओळखणारे हात आपल्याइतके दुसऱ्या कोणाचे आहेत?

म्हणूनच ही जबाबदारी प्रथम आपली. आम्ही स्वतः कित्येक वर्षे कात्रणांची पोती दाराशी येणाऱ्यास दिली, हाती पडतील ते पैसे घेतले, आणि माल कोठे जातो हे कधी विचारले नाही. गरज होती हे खरे. पण न विचारणे ही चूकच होती, हे या व्यासपीठावरून कबूल करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

आपल्या घरोघरीच्या मंडळींना विनंती एवढीच : दोन प्रकारची कात्रणे निरनिराळी ठेवा. निळा भुसा खाद्यासाठी मागणाऱ्यास देऊ नका. त्याचे दाबून पत्रे करता येतात, ते जोडे-चपलांच्या आतील तळव्यांना चालतात. आणि परसात चार कोंबड्या पाळणाऱ्या भगिनींनी, फार स्वस्त खाद्य दिसले तर ते कशाचे आहे, हे अवश्य विचारावे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी जगाच्या पायांची काळजी वाहिली. त्याच हातांतून कोणाच्या ताटात विष जाऊ नये, एवढी दक्षता आपण घेऊ या.